छोटं अक्वापोनिक्स सुरू करताय? टाक्या आणायच्या आधी परवान्यांचं हे सगळं बघून घ्या

अक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी झाडांच्या बेडमधून फिरवून त्यावर मातीशिवाय भाजी काढायची आणि तेच पाणी परत टाकीत आणायचं. सुरुवातीलाच एक सांगतो. "अक्वापोनिक्सचं लायसन" असा एकच कागद महाराष्ट्रात कुठल्याही ऑफिसात मिळत नाही. लोक आधी कृषी खात्यात जातात, तिथे ऐकायला मिळतं की मासे आहेत ना, मग मत्स्यव्यवसायवाल्यांना भेटा. तिथे गेलं की म्हणतात माशांचं सांगतो पण वरच्या भाजीचं आमच्याकडे काही नाही. दोन-चार चकरा झाल्या की माणूस वैतागतो आणि सरळ टाक्या बसवून मोकळा होतो. पुढे मग हॉटेलवाला फूड लायसनचा नंबर मागतो, नाहीतर महावितरणचा माणूस मीटर बघायला येतो, आणि तेव्हा सगळी धावपळ सुरू होते.

खरं तर तीनच प्रश्न आहेत, जागा कुणाची नि कसली आहे, मासा कोणता पाळणार, आणि माल कुठल्या रूपात गिऱ्हाईकाच्या हातात देणार. या तिन्हीची उत्तरं नक्की झाली की कुठले कागद लागतील ते आपोआप ठरतं. क्रमही महत्त्वाचा आहे, कारण काही परवानग्या काम सुरू व्हायच्या आधीच घ्याव्या लागतात, नंतर मागून त्यांचा उपयोग नसतो.

मी इथे छोटं म्हणतोय म्हणजे दोन-तीन गुंठ्यांत शेडनेट, पाच-दहा हजार लिटरच्या टाक्या, वर पालक, पुदिना, लेट्यूस, बेसिल असलं काहीतरी, आणि काम करायला घरची माणसं नि एखाद-दुसरा गडी. गच्चीवर करणाऱ्यांचंही पुढे सांगतो.

जागेचे कागद

स्वतःची शेतजमीन असेल तर सातबारा नि आठ-अ काढा आणि नीट वाचा, नुसतं नाव बघून घडी घालू नका. "इतर हक्क" रकान्यात बँकेचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा असं काय काय निघतं. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटी असलेली, जमीन असेल तर ती भाड्याने देण्या-घेण्यावर बंधनं असतात. सातबारा सामाईक असेल तर भावाबहिणींची संमती लेखी घ्या, उद्या अनुदानाचा किंवा लाईटचा अर्ज करताना तीच मागतात.

एनए, म्हणजे जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची (अकृषिक) परवानगी, लागते का हा सगळ्यांचा प्रश्न. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतजमिनीत शेतीच्या सोयीसाठी फार्म बिल्डिंग, विहीर, टाकी बांधता येते, शहराच्या हद्दीत आणि हद्दीजवळ मात्र त्यावर मर्यादा आहेत. आता "शेतीच्या सोयीसाठी" यात माशांची टाकी बसते का यावर कोणीही वाद घालू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला त्यामुळे आपली बाजू बळकट झालीय हे खरं, तरी माझा आग्रह असा की तहसीलदारांच्या नावाने एक साधा अर्ज द्या, अमुक गटात शेडनेट आणि पाण्याच्या टाक्या बसवून भाजीपाला व मत्स्यसंवर्धन करणार आहे, अकृषिक परवानगीची गरज आहे का ते कळवावे, आणि आवक शिक्क्याची पोच जपून ठेवा. उत्तर आलं तर उत्तमच, नाही आलं तरी आपण विचारलं होतं याचा पुरावा हातात राहतो.

त्याच शेतात पक्कं विक्री केंद्र, कॅफे किंवा ट्रेनिंग हॉल बांधायचा असेल तर मात्र ती शेती राहत नाही, तिथे अकृषिक वापराचे चालू नियम आणि बांधकाम परवानगी दोन्ही बघावं लागतं. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेऊन ठेवा, नंतर लाईटपासून कर्जापर्यंत सगळीकडे त्याची झेरॉक्स लागते.

आता भाड्याच्या जमिनीबद्दल, कारण शहरातनं येऊन हा प्रयोग करणारे बरेच जण इथेच अडकतात. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चं कलम ६३ म्हणतं की शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच कलमात भाडेपट्ट्याचाही उल्लेख आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणजे तुमच्या नावावर शेती नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेला शेतजमिनीचा भाडेपट्टा कायद्याने टिकत नाही. विदर्भ नि मराठवाड्यात वेगळे कुळकायदे आहेत, तिथे तो कायदा वकिलाकडून बघून घ्या. पर्याय म्हणजे आधीच एनए असलेली जागा घ्या, नाहीतर जमीनमालकालाच भागीदार करा आणि करार वकिलाकडूनच लिहून घ्या. स्टॅम्प पेपरवर दोन ओळी खरडून काही होत नाही.

गच्चीवर करणार असाल तर

गच्चीवर परवानगीच्या आधी वजनाचा विचार करायचा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण १५० किलो. तुमची टाकी एक मीटर खोल असेल तर नुसत्या पाण्याचा भार चौरस मीटरला हजार किलो होतो, वर खडीचे बेड धरले तर आणखी. गच्चीभर पसरून साधारण १५ सेंटीमीटर पाणी उभं केलं तरी तो हिशोब संपतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून टाकी कुठल्या बीम-कॉलमवर ठेवायची हे लेखी घ्या. हा कागद कुठल्या खात्याने मागो न मागो, घ्याच, कारण खाली माणसं राहतात.

सोसायटीची गच्ची सामाईक असते, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, सेक्रेटरी तोंडी हो म्हणाला म्हणजे परवानगी झाली असं नसतं. कायमचं छप्पर किंवा शेड टाकली तर ते बांधकाम धरलं जातं आणि परवानगी नसेल तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते, म्हणून आधी पालिकेच्या बांधकाम विभागात विचारा. महापालिकेचं घरगुती पाणी विक्रीच्या धंद्याला वापरायचं नसतं, हेही पाणी खात्याशी बोलून घ्या.

मासा कोणता, हे सगळ्यात महत्त्वाचं

परवान्याच्या दृष्टीने सगळा खेळ इथे आहे. रोहू, कटला, मृगळ किंवा शोभेचे कोई, गोल्डफिश असे मासे असतील तर प्रकरण सोपं असतं. पण अक्वापोनिक्सचे बहुतेक व्हिडिओ तिलापियावर आहेत कारण तो दाटीत जगतो नि लवकर वाढतो, आणि नेमकी त्याच माशाला वेगळी परवानगी लागते.

का ते समजून घ्या. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला, तो लहान वयातच पिल्लं काढतो आणि एकदा तळ्यात शिरला की दुसऱ्या माशांना जागा ठेवत नाही, त्यामुळे १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी आली. तोवर तो पसरला होता. उजनीच्या पट्ट्यात ज्याला चिलापी म्हणतात तो आज भिगवणच्या बाजारात ढिगाने दिसतो, तो याच घराण्यातला. म्हणून आता केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिलापिया पाळायचा तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी करावी लागते, "गिफ्ट" नावाच्या सुधारित तिलापियासारखं मान्यताप्राप्त वाण घ्यावं लागतं, तेही सगळे नर असलेलं किंवा वांझ बीज (म्हणजे माशांची पिल्लं), आणि ते मान्यता असलेल्या हॅचरीतूनच, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातूनच. शिवाय मासा किंवा अंडी बाहेरच्या पाण्यात जाणार नाहीत अशी जाळी नि पक्ष्यांपासून संरक्षण दाखवावं लागतं. पंगेशियस या बिनखवल्याच्या माशासाठीही केंद्राच्या वेगळ्या सूचना आहेत, तिथेही आधी विभागाला विचारूनच पुढे जा.

अर्ज करायचा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे. सोबत सातबारा, जागेचा हाताने काढलेला का होईना पण मापांसकट नकाशा, टाक्यांची संख्या नि लिटर, पाणी कुठून घेणार, जादा पाणी कुठे सोडणार, बीज कुठल्या हॅचरीचं, हे सगळं जोडा. अक्वापोनिक्स हा शब्द टेबलावरच्या माणसाला नवा असेल तर त्यावर अडून बसू नका, "पाण्याचा पुनर्वापर करून टाकीतले मत्स्यसंवर्धन" असं लिहा, आरएएस (याच पद्धतीचं इंग्रजी लघुरूप) म्हटलं तरी त्यांना लगेच कळतं. भाजीचा भाग दुसऱ्या परिच्छेदात लिहा. पाणी नाल्यात न जाता झाडांच्या बेडमधून फिरून परत टाकीत येतं हे आकृतीत बाण काढून दाखवा, कारण मासा बाहेर सुटण्याची जी भीती असते ती या एका आकृतीने बरीच कमी होते.

आणि थाई मागूर. याला नाही म्हणजे नाही. क्लॅरियस गॅरिपिनस, आफ्रिकन मागूरही म्हणतात, त्याच्यावर २००० सालापासून देशात बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितल्यावर आपल्या राज्यातही तळी रिकामी केली गेली. बीज विकणारे काही जण त्याला देशी मागूर किंवा नुसतं "हायब्रीड" म्हणून खपवतात. म्हणून बीज घेताना बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा. देशी मागूर म्हणजे क्लॅरियस मागूर, आणि विकणारा बिलावर ते लिहायला कां-कूं करत असेल तर तिथून उठा, कितीही स्वस्त देत असला तरी. पिशवी घरी आल्यावर ओळखायला जाल तर बोटभर पिल्लांत फरक कळणं भल्याभल्यांना जमत नाही. बिल मात्र पुढे तपासणीला कोणी आलं तर पहिल्यांदा तेच मागणार.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर एक गोष्ट जास्तीची. समुद्र, खाडी, नदीमुख यांच्या भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात काही पाळणार असाल तर कोस्टल अक्वाकल्चर अथॉरिटीची नोंदणी लागते, २००५ चा कायदा आहे, २०२३ मध्ये त्यात बदल झालेत. गोड्या पाण्याचं मत्स्यपालन त्यात येत नाही, आणि अक्वापोनिक्स बहुतेक गोड्याच पाण्यावर चालतं, त्यामुळे घाबरू नका. पण खाडीकाठी शेड उभारताना सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची, रेषा कुठून जाते ते बघा, तो विषय पाणी गोडं की खारं यावर अवलंबून नाही.

यासोबत नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म, म्हणजे एनएफडीपीवर नोंदणी करून टाका. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं, आधार नि मोबाईल लागतो, नोंदणी फुकट आहे, स्वतः जमलं नाही तर सीएससी केंद्रावर करून देतात. हा परवाना नव्हे, पण कर्ज, विमा, योजना या सगळ्याची वाट आता तिथूनच जाते.

पाणी आणि लाईट

स्वतःच्या विहिरीचं पाणी वापरायला छोट्या युनिटला सहसा अडचण येत नाही. नवीन बोअर मारणार असाल तर महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे साधारण दोनशे फूट, आणि आपल्याकडे गाडीवाला पाचशे फूट सहज मारून देतो. कालवा, नदी, तलावातून उपसा करायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. पाण्याचा रिपोर्ट भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून काढून घ्या, माशांसाठी तो तसाही लागतो आणि फाईलला जोडता येतो.

लाईटचं मात्र नीट समजून घ्या, कारण यात पैसा जातो. शेतीपंपाच्या कनेक्शनवर लाईट पाळीपाळीने येते, आणि आपल्या एअर पंपला चोवीस तास लागते, तासभर जरी हवा बंद राहिली तरी दाट भरलेल्या टाकीत मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. म्हणून लोक घराच्या मीटरवरून वायर ओढतात. धंद्यासाठी घरगुती मीटर वापरणं म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते, कधीपासून वापर चालू आहे ते ठरवता आलं नाही तर मागच्या बारा महिन्यांची. त्याऐवजी महावितरणच्या दरपत्रकात "कृषी-इतर" म्हणून एक वर्ग आहे, त्यात ग्रीनहाऊस, नर्सरी, मत्स्यपालन असली कामं येतात, त्याच वर्गात कनेक्शन मागा. अर्जात वापराचा हेतू स्पष्ट "मत्स्यपालन व हरितगृह" असा लिहा, नुसतं "इतर" लिहिलंत तर कमर्शियल दर लागायची शक्यता जास्त. मत्स्यव्यवसाय विभागाचं पत्र आधी हातात असेल तर इथे फार उपयोगी पडतं, म्हणून मी माशाचं काम लाईटच्या आधी ठेवलंय.

टाकीच्या तळाचा गाळ ओढ्यात सोडू नका. कंपोस्टमध्ये किंवा शेतात घाला, खत म्हणून चांगला आहे आणि प्रदूषण मंडळाचा प्रश्नच उभा राहत नाही. मासे कापून, गोठवून पॅक करायचं युनिट टाकायचं असेल तर मात्र मंडळाची संमती बघावी लागेल.

अनुदान हवं असेल तर इथे थांबा

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या छोट्या आरएएसला ५० हजार, छोट्या आरएएसला किंवा बायोफ्लॉकला (टाकीतल्याच जिवाणूंकडून पाणी साफ ठेवायची पद्धत) साडेसात लाख असा युनिटचा खर्च धरलेला होता, त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ६० टक्के. शेडनेट, पॉलिहाऊसचं अनुदान वेगळं, फलोत्पादन अभियानातून, अर्ज महाडीबीटीवर. अर्जाच्या वेळी कुठली योजना नि किती उद्दिष्ट शिल्लक आहे ते जिल्हा कार्यालयात विचारा.

यात एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका. आधीची बिलं दाखवून नंतर अनुदान मागितलं तर प्रकरण नाकारलं जातं. भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा करार मागतात, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन चालत नाही. आणि अनुदानावर धंद्याचं गणित मांडू नका, पैसे काम झाल्यावर येतात, तोवर सगळा खर्च तुमच्या खिशातून.

विक्री: माल कुठल्या रूपात देताय

अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम १८ मध्ये सांगितलंय की शेतकरी, मच्छीमार, शेती, मत्स्यपालन यांना शेताच्या पातळीवर हा कायदा लागू होत नाही. म्हणजे बांधावरून व्यापाऱ्याला जिवंत मासे नि भाजीच्या जुड्या दिल्या तर तुम्ही शेतकरी. पण तोच मासा खवले काढून, तुकडे करून पिशवीत भरलात, लेट्यूस धुऊन डब्यात पॅक करून स्वतःच्या नावाने घरोघर दिलंत, बेसिलचं पेस्टो (एक प्रकारची चटणी) केलंत, की तुम्ही फूड बिझनेसवाले झालात.

त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर नोंदणी. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधी नोंदणी आणि त्यावर स्टेट लायसन अशी विभागणी होती, ही मर्यादा बदलली जाते म्हणून फॉर्म भरताना पोर्टलवरचा चालू आकडा बघा. नोंदणीला फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा एवढंच लागतं, फी किरकोळ आहे, एजंटला हजारो रुपये द्यायची गरज नाही. धंद्याचा प्रकार निवडताना घाई करू नका. फक्त भाजी पॅक करून विकणार असाल तर किरकोळ विक्री आणि रिपॅकिंगकडे बघा, मासा साफ करून देणार असाल तर मासे प्रक्रियेचा प्रकार घ्यावा लागतो, आणि पेस्टो, लोणचं असलं काही असेल तर उत्पादन. एकाच अर्जात एकापेक्षा जास्त प्रकार घेता येतात. चौदा आकडी नंबर आला की तो बिलावर आणि पाकिटावर टाका. हॉटेलं नि ऑनलाईन भाजीवाले पहिल्यांदा हाच नंबर विचारतात, त्यामुळे कच्चीच भाजी देत असलात तरी घेऊन ठेवलेला बरा असं माझं मत आहे.

पाकिटावर वजन टाकून विकणार असाल तर वैधमापनशास्त्र (वजन-मापं) विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी आणि पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी नंबर. सुट्टं विकत असाल तर निदान वजनकाट्यावर चालू वर्षाचा शिक्का असू द्या. आणि पाकिटावर "ऑरगॅनिक" किंवा "सेंद्रिय" लिहायचा मोह आवरा. त्या शब्दाला २०१७ पासून वेगळे नियम आहेत, प्रमाणपत्र लागतं, आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची सगळी मांडणी मातीवरच्या शेतीची आहे. "फवारणीशिवाय, माशांच्या पाण्यावर वाढवलेली" असं लिहा, खरं असेल तर तेवढं पुरतं.

भाजी विकायला बाजार समितीची आडकाठी नाही, २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. मासे शहरात टेबल टाकून विकायचे तर महापालिकेच्या बाजार विभागाचा परवाना लागतो. गाळा घेतलात नि मोजकीच माणसं असतील तर दुकाने आस्थापना कायदा २०१७ खाली आपले सरकार पोर्टलवर फक्त सूचनापत्र भरायचं, फॉर्म एफ.

टॅक्सचं थोडक्यात. ताजी भाजी नि ताजे, जिवंत मासे यांच्यावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणीही लागत नाही. पण बरेच जण पुढे ट्रेनिंग घ्यायला आणि किट विकायला लागतात, ते करपात्र आहे, तिथे उलाढालीच्या मर्यादेवर लक्ष ठेवा. इन्कम टॅक्समध्ये माशांचं उत्पन्न शेती उत्पन्न धरत नाहीत, ते धंद्याचं उत्पन्न. मातीशिवाय काढलेल्या भाजीचं काय, यावर वाद होतात, म्हणून मासे नि भाजी यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगवेगळ्या वहीत ठेवा आणि सीएला दोन्ही वह्या दाखवा.

शेडमध्येच एक रजिस्टर टांगून ठेवा. बीज कधी, कुठून, किती आलं, खाद्य कुठल्या कंपनीचं नि बॅच नंबर काय, मर किती झाली, मासे-भाजी कुणाला किती दिली. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान असली औषधं खाण्याच्या माशांवर बंदी असलेली आहेत, तर "औषध वापरले नाही" हीसुद्धा नोंद तारखेसह करा. मत्स्यव्यवसायचा अधिकारी येवो की अन्न प्रशासनाचा, आधी तेच रजिस्टर पुढे ठेवायचं, मग बीजाचं बिल, मग परवानगीचं पत्र. सगळ्यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण शेडमध्ये सगळीकडे पाणीच असतं.